तुमास्नी न्हाई, तुमाला

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे — थांब, हे माझ्या तोंडून ऐकून माझे मित्र हसतील. कारण मी दिवसभर बडबडणारा माणूस. कंपनीच्या बसमध्ये चढलो की चाकण येईपर्यंत तोंड चालू. कँटीनवाल्या अण्णाचा आवाज काढतो, सुपरवायझरचा काढतो, रिव्हर्स घेताना फोर्कलिफ्ट पीं-पीं करते ना, तोसुद्धा काढतो — एकदा एक जण खरंच दचकून बाजूला उडी मारून पडला. सगळे मला ‘रेडिओ’ म्हणतात. रेडिओच्या पोटात काही राहतं का? नाही राहत. पण हे राहिलं.

दोन-तीन पोरांना यातलं अर्धं माहीत आहे. ते अर्धं ते विसरलेही असतील. उरलेलं अर्धं — ते फक्त माझ्याकडे.

मधे मधे तुला हसू येईल. मला हसवायची सवय आहे, सुटत नाही. हस. मी अडवणार नाही.

आमचं गाव लातूरकडचं. तालुक्याचं ठिकाण, पण एका टोकाला शिंकलं की दुसऱ्या टोकाला ‘शतायुषी हो’ ऐकू यायचं, एवढंच. शाळेत मी हेडसरांचा आवाज काढायचो. एकदा प्रार्थनेला सर यायच्या आधी मीच मागून ‘साऽवधान’ ओरडलो आणि अख्खी शाळा ताठ उभी राहिली. खुद्द सर गेटातून येत होते, ते पण राव उभे राहिले! छड्या खाल्ल्या, पण काय सांगू — त्या दिवशी कळलं की आपल्या गळ्यात काहीतरी आहे.

मग डिप्लोमाला आकुर्डीला आलो. रूमवर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारलं, “कुठं रे?” मी म्हणालो, “मेसला जायलो.”

झालं. “जायलो! अरे हा खायलो, हा झोपायलो!” महिनाभर माझं नावच ‘खायलो-जायलो’ होतं. पोरं वाईट नव्हती. पण ताटात भात घेताना कोणी मागून म्हणायचं, “वाढायलो का?” — आणि मी डाव परत भातात ठेवायचो. आमच्याकडे आई असंच बोलते ना. ते हसायचे माझ्या बोलण्याला, आणि मला ऐकू यायचं की आईला हसायलेत.

मग एक दिवस मी मेसवाल्याची नक्कल केली. अख्खी रूम लोळली. आणि मला एक गोष्ट कायमची समजली — हसणाऱ्यांच्या बाजूला उभं राहायचं असेल तर आवाज दुसऱ्याचा काढायचा. माझा ‘जायलो’ मी चपलेसारखा दाराबाहेर काढून ठेवला. पुन्हा घातला नाही.

हे मी कारण म्हणून सांगत नाही हं. उलट आहे. ज्याला माहीतच नाही की हे कसं लागतं, त्याला एक वेळ सोडून देता येईल. मला माहीत होतं.

तर — क्लास. नोकरी लागल्यावर कळलं की डिप्लोमा एकीकडे आणि ड्रॉइंग वाचणं एकीकडे. पार्टचं ड्रॉइंग म्हणजे रेघांचा कागद. कुठलं भोक केवढं, कुठली बाजू किती घासायची, चूक झाली तर किती झालेली चालेल, सगळं त्यात असतं. ते ज्याला घडाघडा वाचता येतं त्याला कंपनीत मान. आमच्या एका सीनियरने मला देवळे सरांच्या ऑनलाइन क्लासमध्ये घातलं. सर एका कंपनीच्या टूलरूममधून, म्हणजे साचे-हत्यारं बनतात तिथून, रिटायर झालेले, संत तुकाराम नगरला राहतात. रविवारी सकाळी मोबाइलवर शिकवतात, फी नाही. आणि कोर्सच्या शेवटी जो सगळ्यांसमोर न अडखळता ड्रॉइंग वाचून दाखवेल, त्याच्यासाठी सर स्वतः ओळखीच्या कंपनीत शब्द टाकतात. सरांच्या शब्दाला या पट्ट्यात वजन आहे.

सरांची एकच अट. आधी नाव, मग बोलणं. “मी अमुक बोलतोय” असं म्हणायचं आणि मग काय ते विचारायचं. कारण सर ड्रॉइंग शेअर करायचे तेव्हा त्यांना माणसं दिसायचीच नाहीत, आणि नावं दिसली तरी उपयोग काय? निम्म्या लोकांच्या नावाच्या जागी फोनच्या मॉडेलचा नंबर, माझ्याही. सुरुवातीला सर बिचारे म्हणायचे, “हां, ए-बारा दादा, बोला.” मग म्हणाले, “अहो, आपण कुणाचं दार वाजवलं तर आतून ‘कोण’ विचारतात आणि आपण नाव सांगतो. इथंही तसंच करा.” आणि सगळ्यांनी सगळ्यांना दादा-ताई म्हणायचं. वय, पद, काही नाही.

आम्ही पोरं दोन आठवड्यांत ते विसरलो. “सर, तो सेक्शन व्ह्यू परत दाखवा” — कोण बोललं, देव जाणे.

एकटी एक बाई विसरली नाही. माइक चालू झाला की आधी मागून कोंबडं ओरडायचं, मग आवाज यायचा — “मी सुभद्रा बोलती.”

सुभद्राताई चाकणच्या पलीकडच्या गावच्या. पिढ्यानपिढ्या तिथल्याच, आजूबाजूला कंपन्या उभ्या राहिल्या तरी बोली हलली नाही. व्हय, न्हाई, आमी, हाय. एका कंपनीत पॅकिंगला होत्या. ओळखीच्या दिवशी सरांनी प्रत्येकाला विचारलं, हे शिकून काय व्हायचंय? कोणी म्हणालं इंजिनिअर, कोणी क्वालिटी हेड, एक जण म्हणाला जर्मनी. सुभद्राताई म्हणाल्या, “मी सुभद्रा बोलती. मला स्टुलावं बसायचंय.”

सर म्हणाले, “म्हणजे?”

“पॅकिंगला दिसभर हुबं ऱ्हावं लागतं. गुडघं गेलं सर. तपासणीला ज्या बाया हाईत त्यांला स्टूल हाय. पर तिथं कागुद वाचाय लागतो.”

आम्ही हसलो. म्यूटवर हसलो, पण हसलोच. मी त्याच दुपारी ते वाक्य अख्खंच्या अख्खं, कोंबड्यासकट, पाठवून दिलं — कुठे? ते सांगतो.

आमचा चार पोरांचा एक वेगळा ग्रुप होता. नाव ‘मागचा बाक’. सर शिकवायचे तिकडे आणि आम्ही टवाळी करायचो इकडे. मी सरांचे आवाज टाकायचो, खोकल्यासकट. पण खरी मागणी होती सुभद्राताईंना. “रेडिओ, आज सुभद्रा स्टेशन लाव ना!” आणि मी लावायचो. बाथरूममध्ये जाऊन रेकॉर्ड करायचो, तिथे आवाज गोल येतो. ‘व्हय’ कसा म्हणायच्या माहीत आहे? ‘व्ह’ जरा ओठात धरून, आणि ‘य’ सोडून दिल्यासारखा. खूप सोपा वाटतो, पण नाही. मला चार दिवस लागले तो पकडायला. एवढं लक्ष देऊन मी क्लासमध्ये सरांचंही ऐकलं नसेल.

आणि त्या काय बोलायच्या, ते तरी ऐक. सर एखादी गोष्ट समजावून विचारायचे, “कळलं का?” मग चॅटवर येस सर, येस सर, येस सर. मीही टाकायचो. आणि मग — कोंबडं. “मी सुभद्रा बोलती. न्हाई कळलं. परत सांगा.”

सर परत सांगायचे. आनंदाने सांगायचे. आणि खरं सांगू? मला पहिल्यांदा कधीच कळायचं नाही. दुसऱ्यांदा कळायचं. म्हणजे त्यांच्या ‘न्हाई’मुळे कळायचं. येस सर टाकणाऱ्या किती जणांचं तसंच असेल? पण ‘मागच्या बाका’वर आम्ही काय म्हणायचो — “ही बाई क्लास पुढे जाऊ देत नाही राव.”

तर तो रविवार.

सर टॉलरन्स शिकवत होते. टॉलरन्स म्हणजे मापात किती चूक खपेल ती हद्द. सुभद्राताईंनी दोनदा ‘न्हाई’ म्हटलं होतं, सर तिसऱ्यांदा सांगत होते. तेवढ्यात ‘मागच्या बाका’वर अज्याचा मेसेज आला. अज्या म्हणजे माझा रूममेट, तेव्हा समोरच्याच कॉटवर लोळत होता. “भावा, इथं काय वाघ होतोस. क्लासमधी कर की. हाय का दम?”

मी त्याच्याकडे बघितलं. तो भुवया उडवत होता. दुसऱ्याने हसरे चेहरे टाकले. तिसरा म्हणाला, “रेडिओची बॅटरी डाऊन.”

तुला वाटेल मला राग आला. नाही. मला मजा वाटली. हे सांगायला जड जातंय — मला मजा वाटली. अंगठा माइकवर गेला आणि माझ्या गळ्यातून सुभद्राताई बोलल्या.

“सर, तुमास्नी तरी कळतंय का वो? दर रइवारी त्येच त्येच. आमचा टाइम काय फुकटचा हाय?”

माइक बंद.

अज्याने उशीत तोंड खुपसलं. मी हसायला लागलो होतो. सरांचा कर्सर ड्रॉइंगवर एका भोकाच्या कडेला थांबला होता. हलतच नव्हता. मग सर म्हणाले, “सुभद्राताई... बरोबर आहे तुमचं. टाइम कुणाचाच फुकट नसतो. माझंच शिकवणं कमी पडतंय. माफ करा.”

रिटायर माणूस. रविवारची सकाळ. माफ करा.

आणि मग कोंबडं ओरडलं. “मी सुभद्रा बोलती. सर, आत्ता बोललं ते मी न्हाई.”

तू कल्पना कर. तोच आवाज. तोच ‘न्हाई’. अर्ध्या मिनिटापूर्वी शिव्या घालणारा आवाजच आता म्हणतोय की तो मी नाही. कोणीतरी फिस्सकन हसलं, माइक चालू ठेवून. मी नक्कल एवढी चांगली केली होती ना — की त्या बाईला बचावासाठी आवाजच उरला नाही. जेवढं बोलतील तेवढा पुरावा त्यांच्याच विरुद्ध.

त्या गडबडल्या. मग म्हणाल्या, “सर, मी तुमास्नी म्हणत न्हाई. आमच्याकडं न्हाई म्हणत कुणी. आमी तुमाला म्हणतो. तुमास्नी न्हाई, तुमाला.”

एक दादा बोलला, नाव न सांगताच, “ताई, दोन्ही गावठीच की. काय फरक पडतो?”

हसले सगळे.

पण मला फरक पडत होता. कारण त्या शंभर टक्के बरोबर होत्या, आणि त्या क्लासमध्ये ते कळणारा माणूस मी एकटा होतो. मी कित्येक आठवडे त्यांचा एकेक शब्द चावून बघितलेला. त्यांच्या तोंडून ‘तुमास्नी’ एकदाही आलं नव्हतं. मग ते माझ्या तोंडात आलं कुठून? रूमवरच्या कोल्हापूरकडच्या पोराकडून उचललेलं. माझ्या बरणीत सगळी खेडी एकत्र भरलेली, हात घातला आणि जे हाताला लागलं ते फेकलं. नकलाकाराने करू नये अशी चूक. आणि त्या बाईने ती पकडली — आपल्याच आवाजातला एक परका शब्द. शिवाय त्या आवाजाने आधी नाव सांगितलं नव्हतं. जी बाई एकदाही नाव सांगायला चुकली नाही, ती नेमकी शिव्या घालतानाच विसरेल? हेही कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

इथपर्यंतचं अज्याला माहीत आहे. पोरांना माहीत आहे. आता पुढचं.

चॅटवर लोक धावून आले. ‘सरांचा आदर करा.’ ‘गुरूंशी असं बोलतात का?’ ‘ताई, माफी मागा.’ हात जोडलेले चेहरे, नुसते हात जोडलेले चेहरे. आदरावर एवढं बोलणं त्या क्लासमध्ये आधी कधी झालं नव्हतं, आणि ते सगळं मिळून एका बाईच्या अंगावर चाललं होतं.

मी पण लिहिलं.

कोणी सांगितलं नव्हतं. अज्या तर केव्हाच उठून दात घासायला गेला होता. मी एकटा होतो कॉटवर. मी लिहिलं — ‘ताई, चूक झाली तर मान्य करावी. सर आपल्यासाठी रविवार देतात.’ आणि खाली दोन हात जोडलेले.

का लिहिलं? मी खूप शोधलंय याचं उत्तर. संशय येऊ नये म्हणून? माझ्यावर कोणाचा संशय नव्हता. मग? मला वाटतं — मला तेव्हा सगळ्यांच्या बाजूला उभं राहायचं होतं. फक्त तेवढंच. आवाज काढला ती मस्करी होती असं मी स्वतःला पटवू शकतो, कित्येकदा पटवलंय. त्या मेसेजला मस्करी कसं म्हणू? तो तर मी माझ्या स्वतःच्या आवाजात लिहिला होता.

सुभद्राताईंनी माफी मागितली नाही. क्लास सोडूनही गेल्या नाहीत. त्यांचा माइक बंद झाला, एवढंच.

संध्याकाळी सरांचा क्लासच्या ग्रुपवर मेसेज आला. ‘सकाळी कोणी मस्करी केली असेल तर मला एकट्याला सांगावं. मी नाव कुणाला कळू देणार नाही.’ म्हणजे सरांना शंका होती. म्हणजे दार उघडं होतं, राव! मी टाइप केलं. ‘सर, मी—’ आणि पुसलं. परत टाइप केलं. मग जे पाठवलं ते असं होतं — ‘सर, असे प्रकार टाळण्यासाठी ग्रुपचे नियम लिहून काढू का?’

सरांना बरं वाटलं. म्हणाले, “लिही बाळा.”

मी लिहिले. छान लिहिले, भाषा चांगली आहे माझी. ‘बोलण्याआधी आपलं नाव सांगावं.’ ‘कोणाच्या प्रश्नाला हसू नये.’ ‘कोणाच्या उच्चारावरून, गावावरून, भाषेवरून टीका करू नये.’ ‘चूक झाल्यास मोकळेपणाने कबूल करावी.’ लोकांनी अंगठे दाखवले. सरांनी ते ग्रुपच्या वर चिकटवून ठेवले. आजही आहेत. नवीन येणारा प्रत्येक जण आधी ते वाचतो. आणि सर सांगतात, हे आपल्याच एका विद्यार्थ्याने लिहिलेत.

पुढच्या रविवारपासून सर विचारायचे, “कळलं का?” येस सर, येस सर, येस सर. मग सर थांबायचे. थोडा वेळ थांबायचे. त्यांना कोंबड्याची वाट असायची, मला कळायचं. कोंबडं ओरडायचं नाही. चॅटवर एक नुसता अंगठा यायचा — सुभद्राताईंचा. मग सर पुढे जायचे. आणि मला पहिल्यांदा न कळलेलं तसंच राहायचं.

शेवटचा दिवस वाचून दाखवायचा. माझं झालं, टाळ्या पडल्या. मग सरांनी म्हटलं, “सुभद्राताई, या.” मग माइक चालू झाला. कोंबडंसुद्धा नव्हतं, कुठेतरी दार लावून बसल्या असाव्यात.

“मी... सुभद्रा बोलत आहे.”

बोलत आहे. ऐकलंस? पुस्तकातलं.

“हा जो... हे जे छिद्र आहे, त्याचा... त्याचे...” एकेक शब्द आधी धुऊन, पुसून, मग बाहेर. मला आतली झटापट ऐकू येत होती. त्या ड्रॉइंग वाचतच नव्हत्या. त्या आपल्या बोलण्यातून ‘हाय’ आणि ‘न्हाई’ वेचून काढत होत्या, तांदळातले खडे वेचावेत तसे. त्यात माप मागे राहिलं. टॉलरन्सची बेरीज करायची तिथे वजाबाकी केली. सर हळूच म्हणाले, “ताई, तुमच्या भाषेत सांगा ना. तुम्हाला येतंय हे.” त्या म्हणाल्या, “नको सर.” आणि थांबल्या. मधेच.

सरांनी नंतर काय केलं, कुठे शब्द टाकला का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. माझ्यासाठी त्यांनी शब्द टाकला होता. मला क्वालिटीत, म्हणजे तपासणीला घेतलं. हो — स्टूल आहे.

मग ही मागच्या महिन्यातली गोष्ट. कंपनीची बस चुकली म्हणून साध्या बसने चाकणला निघालो होतो. भोसरीला गर्दी चढली. माझ्या सीटशेजारी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. खांद्याला डब्याची पिशवी, एका गुडघ्यावर भार टाकलेला, वरचा दांडा घट्ट धरलेला. मी कानात इअरफोन घालून होतो. त्यांचा फोन वाजला.

“हो. नाही, बसमध्ये आहे. मी आल्यावर बघते. हो, हो.”

मी कधी त्यांचा चेहरा बघितला नव्हता. पण मी रेडिओ आहे. इअरफोनमधूनही आवाज ओळखला. सगळं तेच होतं — तो खर्ज, तो जरासा श्वास. फक्त ‘व्हय’ नव्हता. घरच्या माणसाशी बोलत होत्या, आणि ‘हो’ म्हणत होत्या. एका क्लासपुरतं बदललं असेल असं मी समजत होतो. ते घरात शिरलं होतं.

मी उठलो. हाताने खूण केली, बसा.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसल्या. “नको बाळा, बस तू. मला सवय आहे उभं राहायची. पॅकिंगला असते मी.”

मला बोलायचं होतं. तोंड उघडलंही. पण बोललो असतो तर? त्यांनीही माझा आवाज रविवारमागून रविवार ऐकलेला होता. त्यांचा कान माझ्यापेक्षा तयार होता, हे त्यांनी ‘तुमास्नी’ पकडून दाखवलं होतं. म्हणून मी परत खूण केली, नुसतीच. त्यांनी नको म्हणून मान हलवली. मी उभाच राहिलो. रिकाम्या सीटवर पाठीमागून एक कॉलेजचा पोरगा येऊन बसला, मोबाइल काढला. चाकण चौकापर्यंत आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतो. त्यांनी मला मुका समजलं असेल.

त्यांचा तो ‘व्हय’ आता कुठे आहे, सांगू? माझ्या गळ्यात आहे. अजून तसाच येतो — ‘व्ह’ ओठात धरून, ‘य’ सोडून दिलेला. एकदा रूमवर कोणी नसताना काढून बघितला. हुबेहूब.

परवा सरांचा फोन आला. नवीन बॅच सुरू होतेय. म्हणाले, “पहिल्या दिवशी पाच मिनिटं तू बोल. ग्रुपमध्ये एकमेकांशी कसं वागायचं, ते सांग पोरांना. नियम तूच लिहिलेस.” मी ‘हो सर’ म्हणालो. नेहमीसारखं. येस सर.

त्या नियमांतला पहिला नियम मी इथे तुझ्याशी बोलतानाही पाळलेला नाही, लक्षात आलं का तुझ्या? एवढं बोललो आणि नाव नाही सांगितलं.

मी बालाजी बोलायलो.

त्या रविवारी बोलल्या त्या सुभद्राताई नव्हत्या. तो मी होतो.